पुळण गेली की मागोमाग वाडी

गेल्या महिन्यात या सदरात मी एक वाक्य लिहिलं होतं: धूपप्रतिबंधक बंधारा जमीन राखतो, पुळण राखत नाही. (बंधारा म्हणजे किनारा झिजू नये म्हणून घातलेला दगडांचा बांध, आणि पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू.) त्यावर जितकी पत्रं आली, तितकी याआधी कधी आली नव्हती. काही पत्रं रागाची आहेत. ज्याच्या परसातला माड मुळासकट समुद्रात गेला, त्याने रागवायचं नाही तर कोणी? म्हणून सुरुवात त्याच पत्राने करते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी श्रीवर्धन तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. घरची सव्वीस गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. ती मी आणि माझे धाकटे दीर मिळून करतो.

प्रश्न: बाई, तुम्ही बंधाऱ्याच्या विरोधात लिहिलंत. आमच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. दर पावसात दोन-चार माड जातात. शेजारच्या वाडीला बंधारा मिळाला, आम्हांला नाही. आम्ही काय घरं सोडून जायचं?
— एक वाचक, मालवण तालुका

घरं सोडून जा, असं मी कुणालाही सांगणार नाही. तुमच्या तालुक्यातल्या देवबागला मी दोनदा येऊन गेले आहे. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर पिढ्यान् पिढ्या केलेली घरं, विहिरी, देवळं. तिथल्या एका आजींनी मला पाण्यात बोट दाखवून सांगितलं होतं, "ती लाट फुटते ना, तिथे आमचं खळं होतं." ते बोट मी विसरलेली नाही.

पण बंधारा मागण्याआधी वाळूचा हिशेब समजून घ्या. आपल्या कोकणात दोन खडपांच्या, म्हणजे खडकाळ टोकांच्या, मध्ये एक पुळण, मग पुन्हा खडप, पुन्हा पुळण, असा किनारा आहे. त्यामुळे एकेका पुळणीची वाळू जवळजवळ ठरलेली असते. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा ती ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली तिची रास घालतात. पुढच्या लाटा त्या राशीवरच फुटतात. म्हणजे समुद्राने नेलेली वाळूच तेव्हा किनारा राखत असते. नवरात्र उलटलं, समुद्र निवला की बारक्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. आमच्याकडे श्रावणात काळे दगड उघडे पडतात आणि मार्गशीर्षापर्यंत पुन्हा झाकले जातात. नवी भर येते ती नद्या-खाड्यांतून, आणि थोडी शिंपल्यांच्या चुऱ्यातून.

आता या जाण्यायेण्याच्या वाटेवर दगड टाकले की काय होतं? उतारावर चढता चढता दमायला लाटेला जागा उरत नाही. ती दगडावर आपटते, मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. काही पावसाळ्यांत समोरची पुळण खचते, मग पायथ्याचे दगड खचतात, मग वर आणखी दगड पडतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढायला वाळू राहत नाही, होडी लावायला जागा राहत नाही. आणि बंधारा जिथे संपतो, तिथे लाटेचा जोर वळून शेजारच्या उघड्या जमिनीवर जातो.

हे मी पुस्तकातून शिकवत होते तोवर मला पुरतं कळलेलं नव्हतं. आमच्या गावात बंधारा झाला तेव्हा तो माझ्या चुलत नणंदेच्या वाडीच्या कुंपणाशी येऊन थांबला. पैसे तेवढेच मंजूर होते, असं तिला सांगण्यात आलं. पहिल्या पावसाळ्यात तिचं केतकीचं कुंपण गेलं. तिसऱ्या पावसाळ्यात सहा माड गेले. मग शिंपणाचा पाट गेला. आता तिच्या वाडीला समुद्राने वाटीसारखा गोल चावा घेतलेला आहे, आणि बंधाऱ्याच्या मागची जमीन मात्र जिथल्या तिथे आहे. दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत. ज्यांनी रेघ आखली, त्यांना यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून तुम्हांला मनापासून सांगते. घर लाटेपासून चार पावलांवर आलं असेल तर दगड मागा, त्यात काही चूक नाही. पण ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी विचारा. बंधारा कुठे संपणार आणि त्या टोकापलीकडच्या घरांचं काय? तो उतरता असणार की उभ्या भिंतीसारखा? उतरता, फटी असलेला बंधारा लाटेचा थोडा जोर पितो, उभी भिंत सगळा जोर परत फेकते. आणि तिसरी, मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी: तुमच्या खाडीतून वाळू किती निघते आहे? हातपाटीने आणि डुबी मारून वाळू काढणारी माणसं पूर्वीही होती. ती माणसाच्या दमाने निघायची. सक्शन पंप एका रात्रीत जे उपसतो, ती तुमच्याच पुळणीची पुढच्या वर्षांची भर असते. वर खाडी उपसायची आणि खाली समुद्राला दगड घालायचे, याने गाव वाचणार नाही.

पैशांबद्दल एक माहिती. धूप ही वादळासारखी अचानक येत नाही, म्हणून आपत्तीच्या मदतीत तिला कित्येक वर्षं धड जागाच नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याच्या कामांना १,५०० कोटी आणि धुपीमुळे उठावं लागलेल्या माणसांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. सगळ्या देशासाठी हे थोडे आहेत. पण ठरावात या शिफारशीचा उल्लेख करा. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून काढलं आहे, की देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे आणि आपल्या राज्याचा साधारण पाव. त्या नकाशांत तुमच्या गावाचा तुकडा कुठल्या रंगात आहे ते मागून घ्या. "दर वर्षी चार माड जातात" हे ऐकून न घेणारा साहेब नकाशा नाकारू शकत नाही.

प्रश्न: दापोलीजवळ समुद्राला लागून बारा गुंठे मिळत आहेत. दलाल म्हणतो, आता नियम सैल झाले, भरतीपासून पन्नास मीटर सोडले की बांधकाम चालतं. निवृत्तीनंतर तिथे राहायचा विचार आहे.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

दलाल अर्धं सांगतो आहे. किनारा नियमन क्षेत्राचे नियम पहिल्यांदा १९९१ साली आले, २०११ मध्ये बदलले, पुन्हा २०१९ मध्ये. २०१९ च्या अधिसूचनेत पन्नास मीटरची सवलत आहे, पण ती दाट वस्तीच्या ग्रामीण भागाला, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं राहतात तिथे. बाकी ग्रामीण किनाऱ्याला दोनशे मीटर. दापोलीच्या आसपास इतकी दाटी कुठे असेल ते तुम्हीच बघा. गावाचा मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. त्यावर भरतीरेषा असते आणि आणखी एक रेषा असते, समुद्राचा धोका कुठवर पोचू शकतो ते दाखवणारी धोकारेषा. तीही विचारा.

नियमापलीकडचं एक सांगते. जिथे जमिनीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसते, ती जागा समुद्राने अजून सोडलेली नाही. नाव उगीच पडलेलं नाही. तो प्लॉट सपाट करून, वेल उपटून, वाळूचा उंचवटा काढून विकायला ठेवलेला असेल, तर ज्याने तुमचं घर राखलं असतं तेच आधी काढून टाकलेलं आहे. जुन्या माणसांनी घरं पाखाडीच्या, म्हणजे गावातल्या बांधीव वाटेच्या, आत, वाडीच्या मागे बांधली आणि समुद्राकडे वाडी ठेवली. त्यांनाही समुद्र आवडत होता.

प्रश्न: आमच्या वाडीतली विहीर आजोबांच्या वेळची. कधी आटली नाही. गेली चार-पाच वर्षं एप्रिलपासून पाणी मचूळ लागतं. सुपारीची पानं टोकाला करपतात. विहीर आणखी खोल करावी का?
— एक वाचक, मुरुड तालुका

खोल अजिबात करू नका. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापायला सांगणार होते.

वाळूतली विहीर आणि कातळातली विहीर यांत फरक आहे. पुळणीच्या मागच्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं म्हणून ते त्याच्यावर तरंगून राहतं, ताकावर लोणी तरंगावं तसं. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी उभं असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. उलटा हिशेब करा. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली आणि तशीच ठेवली, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. विहीर खोल केलीत तर तुम्ही त्याला भेटायलाच खाली जाल.

माझ्या सासूबाई रहाटाचा आवाज ऐकून सांगायच्या, आज किती झाडांची आळी भिजली. बैल सकाळी दोन तास फिरायचा, लोटे भरून यायचे, पाटात पडायचे, आणि मग विहिरीला दिवसभर विसावा. १९८४ साली आम्ही मोटार बसवली. सगळ्यांनाच बरं वाटलं, मलाही. मोटार दमत नाही, हे तेव्हा तिचं कौतुक होतं. दहा वर्षांत आमच्या विहिरीच्या तळाचं पाणी चैत्रात जिभेला लागू लागलं.

आम्ही काय केलं ते सांगते. मोठी मोटार काढून लहान बसवली. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडचा फूटव्हॉल्व वर उचलला, तळापासून दूर. एका दमात उपसायचं सोडून पहाटे थोडं, संध्याकाळी थोडं, आणि मध्ये पाणी वर येऊ द्यायचं. सुपारीला ठिबक घातलं, वर झावळांचं आच्छादन. घराच्या पागोळ्यांचं पाणी आधी गटारात जायचं, ते आता विहिरीपासून पंधरा पावलांवरच्या खड्ड्यात मुरतं. तिसऱ्या वर्षापासून मेअखेरपर्यंत पाणी वापरायला चालू लागलं. पूर्वीसारखं झालं नाही, पण चालू लागलं.

तुमच्या हातात नसलेलंही एक कारण आहे. शेजारी पर्यटकांसाठी खोल्या आणि बोअर झाल्या असतील, तर गोड्या पाण्याचा तो थर सगळ्यांचा एकच आहे. एकाने खोलवर उपसलं की शेजाऱ्याचं पाणी खारं होतं. आणि पुळण जितकी आत सरकेल, तितकं खारं पाणीही जमिनीखालून आत सरकेल. माती परीक्षण केंद्रात पाण्याची क्षारता तपासून घ्या, फाल्गुनात एकदा आणि वैशाखात एकदा. माड बऱ्यापैकी खारं सोसतो, सुपारी सोसत नाही. दोन्ही आकडे हातात असले की पुढची लावणी कशाची करायची ते ठरवता येईल.

प्रश्न: बाई, परवा वारा नव्हता, आभाळ निरभ्र होतं, बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला नव्हता. तरी समुद्र उसळून पाणी घरात आलं. सुकवायला घातलेली मासळी गेली, दोन होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. असं का होतं?
— एक वाचक, अलिबाग तालुका

तुमच्या समुद्रावर वारा नव्हता, पण दुसरीकडे होता. दक्षिण हिंदी महासागरात, इथून हजारो किलोमीटर खाली मोठी वादळं होतात. त्यांनी उठवलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा काही दिवस प्रवास करून आपल्याकडे पोचतात. नेहमीच्या लाटा काही सेकंदांनी येतात. या लाटांमध्ये पंधरा-वीस सेकंदांचं अंतर असतं. दिसायला शांत, पण एकेक लाट खूप पाणी घेऊन चढते. त्यातच अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर घरं बुडतात. केरळातले कोळी याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र.

बावटा वाऱ्यासाठी लागतो. या लाटांचा इशारा वेगळा येतो, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राकडून. तो तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या फोनवर येतो का, हे आजच विचारा, आणि येत असेल तर तो पाखाडीत कोण सांगणार हेही ठरवा. इशारा असेल त्या रात्री होड्या शेजारी शेजारी नांगरायच्या नाहीत, वर ओढायच्या. मासळीचं नुकसान पंचनाम्यात सहसा धरलं जात नाही, हे मला ठाऊक आहे. वाळत घातलेल्या मासळीचा फोटो तारखेसह काढून ठेवायची सवय लावा. निदान मागायला हातात काही राहील.

प्रश्न: निसर्ग वादळात वडिलांची वाडी झोपली. सातबारावर चौदा नावं, अर्धी मुंबईत, दोघे हयात नाहीत. भरपाई नावालाच मिळाली. आता भाऊ म्हणतो, विकून टाकू. तुम्ही काय केलंत?
— एक वाचक, डोंबिवली

ताई, तुमचं पत्र वाचून मी वाडीत जाऊन बसले आणि मग लिहायला घेतलं.

३ जून २०२० ची दुपार. सकाळपासून वारा डोंगराकडून येत होता. साडेबाराच्या पुढे तो इतका वाढला, की आम्ही सगळे माजघरात एका पलंगाखाली आणि पलंगाभोवती. कौलं उडताना वाजत नव्हती. ती पाखरांसारखी जात होती. आवाज येत होता तो सुपाऱ्यांचा. सुपारीचं झाड वाकतं, वाकतं आणि मग मधोमध मोडतं, फटाका फुटावा तसं. आम्ही आधी मोजत होतो, मग मोजायचं सोडलं. नंतर वारा फिरला आणि समुद्राकडून आला. डोंगराकडच्या वाऱ्यात तगलेले माड त्या वाऱ्यात पडले. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा घरातून समुद्र दिसत होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला घरातून कधी समुद्र दिसला नव्हता. मध्ये वाडी होती.

तीनशे चाळीस सुपाऱ्यांतल्या एक्केचाळीस उरल्या. अडतीस माडांतले सतरा. वीज यायला आमच्या आळीत बेचाळीस दिवस लागले.

भरपाईचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण तो लिहिला पाहिजे. सरकारने फळबागांसाठी हेक्टरी पन्नास हजार जाहीर केले. मोठ्या बागेला तो आकडा ठीक असेल. आमच्याकडे जमीन गुंठ्यांत असते. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. माझ्या सव्वीस गुंठ्यांना तेरा हजार. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा झाडामागे मदत ठरली, माडाला अडीचशे, सुपारीला पन्नास. तो हिशेब केला तर आमचे वीस हजार दोनशे होतात. सुपारी लावल्यापासून धड उत्पन्न द्यायला आठेक वर्षं घेते. पन्नास रुपयांत ती आठ वर्षं कशी बसवायची? हे मी तेव्हा संबंधित कार्यालयात विचारलं. समोरचा मुलगा माझ्याच शाळेतला निघाला. त्याने मान खाली घातली. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि दोषही त्याचा नव्हता.

तुमच्या सातबाराचं आधी बघा. वारसनोंदी करून घ्या, आजच्या आज अर्ज द्या. निसर्गनंतर आमच्या तालुक्यात कितीतरी घरांची मदत अडली ती झाडं मोजण्यावरून नव्हे, तर मुंबईच्या चुलतभावाचं संमतीपत्र वेळेत आलं नाही म्हणून. चौदाजणांनी एकाच्या नावे अधिकारपत्र करून ठेवलं, तर पुढच्या वेळी दारात आलेला तलाठी परत जाणार नाही. वाडीतली झाडं सातबाऱ्याच्या पीकपाहणीत जातीनुसार नोंदवलेली आहेत का, तेही पाहा. नोंद नसेल तर कागदावर ती झाडं कधी उभीच नव्हती.

लावणीबद्दल. पडलेले माडाचे सोट वाडीत कुजत असतील तर आधी ते हलवा, नाहीतर चिरून टाका. गेंड्या भुंगा त्यांतच अंडी घालतो आणि वाचलेल्या माडांच्या कोंबात शिरतो. आम्ही हे उशिरा केलं आणि सतरातले आणखी तीन माड गमावले. सुपारीचं रोप उघड्या उन्हात जगत नाही. म्हणून आम्ही आधी केळी लावल्या, त्यांची सावली धरल्यावर दुसऱ्या वर्षी श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची रोपं. समुद्राकडच्या कडेला मात्र या वेळी सुपारी लावली नाही. तिथे उंडी, करंज आणि बाहेरून केतकी. वाऱ्याला पहिली धडक यांनी द्यायची. माडाच्या जातीसाठी रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात जाऊन या. तिथली माणसं वेळ देऊन बोलतात.

विकावं की नाही, हे मी तुम्हांला सांगू शकत नाही. माझ्या दिरांनी रोपं लावायला घेतली तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. लावताना त्यांनी मला विचारलं, "वहिनी, आठ वर्षांनी चढणार कोण?" तरी लावत राहिले. तुमच्या चौदा नावांत चढणारं कोणी असेल, निदान चढणाऱ्याला मजुरी देऊन उभं राहणारं कोणी असेल, तर ठेवा. नसेल, तर निदान वाडी म्हणूनच घेणाऱ्याला द्या. माती भरून सपाट करणाऱ्याला नको. तुमच्या मागे ज्यांची घरं आहेत, त्यांचा वारा अजून तुमची वाडी अडवते.

प्रश्न: अरबी समुद्रात वादळं खरंच वाढली आहेत, की बातम्या वाढल्या?
— एक वाचक, नाशिक

वाढली आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या. २००१ नंतरच्या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आणि ती समुद्रावर टिकण्याचा काळ ८० टक्क्यांनी वाढला. समुद्राचं पृष्ठभागाचं तापमान १.२ ते १.४ अंशांनी चढलं आहे, हे मुख्य कारण. गरम पाण्यावर वादळ झपाट्याने जोर धरतं, त्यामुळे तयारीला मिळणारे दिवस कमी होतात. आमच्या दारातली यादी सांगते: फयान ११ नोव्हेंबर २००९, ओखी डिसेंबर २०१७, क्यार ऑक्टोबर २०१९, निसर्ग जून २०२०, तौक्ते मे २०२१. तौक्ते तर कोकणात किनाऱ्यावर चढलंही नाही. समांतर वर गेलं आणि गुजरातेत उतरलं. तरी मुंबईसमोर पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरांहून अधिक माणसं गेली.

आणि हो, वादळात वारा एकदम पडला तर ते संपलं असं समजून बाहेर पडू नका. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट दिशेचा वारा येतो.

प्रश्न: बाई, मी नववीत आहे. प्रकल्पासाठी आमच्या गावचा किनारा किती झिजला हे मोजायचं आहे. सर म्हणाले, त्याला मोठी यंत्रं लागतात.
— एक वाचक, गुहागर तालुका

बाळा, दोन काठ्या, एक दोरी आणि एक वही पुरते. माझ्या शाळेतल्या मुलांनी हेच केलं होतं.

दोन सरळ काठ्या घे, अगदी सारख्या उंचीच्या, तुझ्या छातीपर्यंत. दोन्हींवर वरच्या टोकापासून खाली एकेक सेंटिमीटरच्या खुणा कर. दोन्हींमध्ये दीड मीटरची दोरी बांध. कधीही न हलणारी खूण निवड, देवळाची पायरी किंवा शाळेच्या कुंपणाचा खांब. तिथून समुद्राकडे निघायचं. मैत्रिणीने पुढची काठी धरायची, तू मागची. तुझ्या काठीमागे उभी राहा आणि पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेवर आण. ती नजरेची रेषा तुझ्या काठीला वरून जितके सेंटिमीटर खाली छेदते, तितकी त्या दीड मीटरमध्ये वाळू उतरली. आकडा लिही आणि दीड मीटर पुढे जा. कुठे वाळू पुढच्या बाजूला चढलेली असेल तर उलट करायचं: तुझ्या काठीचं टोक क्षितिजावर आणायचं आणि आकडा पुढच्या काठीवर वाचायचा, त्याला अधिकची खूण करायची. पाण्याला पाय लागेपर्यंत असंच. आलेखाच्या कागदावर आकडे मांडलेस की पुळणीचा उभा छेद तयार.

वेळ महत्त्वाची. भरतीची वेळ काढायला आजी काय करते विचार. तिथीची पाऊणपट, हे गणित तिला नक्की येत असेल. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. त्यात साधारण सहा तास मिळवलेस की ओहोटी. पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटी सगळ्यांत दूर जाते, तेव्हा मोज. आणि एकदाच मोजून किनारा झिजला असं लिहू नकोस. श्रावणात वाळू गेलेली असते, मार्गशीर्षात आलेली असते. वर्षातून चार वेळा तरी मोज, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहा.

मी दर नारळी पौर्णिमेला आमच्या देवळाच्या पायरीपासून भरतीच्या रेषेपर्यंत पावलं मोजते. १९८९ साली एकशे अठरा होती. गेल्या वर्षी एकाहत्तर. पण माझी पावलंही आता लहान पडतात, म्हणून दोन वर्षांपासून दिरांचा नातू टेप धरतो आणि मीटरमध्ये लिहितो. तू पहिल्यापासून मीटरमध्येच लिही. वही प्रकल्प झाल्यावर सरांकडे देऊ नकोस, शाळेच्या ग्रंथालयात नोंद करून ठेव, आणि आठवीतल्या एखादीला आत्ताच सोबत घे, म्हणजे तू दहावीला गेलीस की मागची काठी तिच्या हातात असेल.